'त्सूफाल' आणि 'म्योग्लिशकाइट' : जर्मन संभवार्थक शब्दांच्या इंग्रजी भाषांतरांविषयी

१. विषयाची मांडणी

जर्मन साहित्य आणि जर्मन तत्त्वविचार आपल्याकडील अभ्यासकापर्यंत बहुतांशी इंग्रजी भाषांतरांच्या द्वारे पोहोचतो. काण्ट, लेसिंग, क्लाइस्ट, मुझिल, हायडेगर ही नावे आपल्या समीक्षालेखनात वारंवार येतात. परंतु त्यांच्या ज्या विधानांचा आपण आधार घेतो, ती विधाने भाषांतरकाराने केलेल्या शब्दनिवडीतून गाळून आलेली असतात, याचे भान नेहमीच राहते असे नाही. वस्तुवाचक शब्दांच्या बाबतीत यामुळे फारसे बिघडत नाही. परंतु जे आहे ते तसेच असणे भाग होते काय, ते अन्यथा असू शकले असते काय, ते घडले की केवळ जुळून आले, अशा प्रश्नांशी निगडित असलेल्या शब्दांच्या बाबतीत मात्र एका शब्दाच्या बदलाने संपूर्ण युक्तिवादाचा रोख बदलतो. प्रस्तुत निबंधात अशा काही निवडक जर्मन शब्दांचा, त्यांच्या इंग्रजी पर्यायांचा आणि या व्यवहारातून मराठी अभ्यासकाने घ्यावयाच्या बोधाचा विचार केला आहे. शब्दांची यादी करणे हा येथे हेतू नाही. कोणत्या ठिकाणी कोणता पर्याय योग्य ठरतो, हे ठरविण्याची काही कसोटी सांगता येईल काय, हा मुख्य प्रश्न आहे.

२. 'त्सूफाल' : शब्दाची घडण

'त्सूफाल' या नामाचे दोन अवयव आहेत. 'त्सू' म्हणजे 'कडे', आणि 'फाल' म्हणजे 'पडणे' किंवा 'पतन'. जे आपल्याकडे येऊन पडते, वाट्याला येते, ते 'त्सूफाल'. मध्ययुगीन जर्मन गूढवाद्यांच्या लेखनात हा शब्द लॅटिनमधील 'आक्सिडेन्स' या शास्त्रीय संज्ञेचा अवयवशः अनुवाद म्हणून रूढ झाला. 'आक्सिडेन्स'मध्येही 'कडे' आणि 'पडणे' हेच दोन घटक आहेत. अर्थात, ज्याला आज आपण अस्सल जर्मन वळणाचा शब्द मानतो तो मुळात स्वतःच एक भाषांतर आहे. त्याचा आरंभीचा अर्थ 'योगायोग' असा नव्हता. पदार्थाच्या सारभूत स्वरूपाला जे बाहेरून चिकटते, ज्याच्या असण्यानसण्याने पदार्थाचे पदार्थपण बदलत नाही, ते 'आक्सिडेन्स'.

पुढे अठराव्या शतकात ख्रिस्तियान वोल्फ याने जर्मन भाषेतून तत्त्वज्ञान लिहिण्याचा उपक्रम केला. तेव्हा लॅटिनमधील दुसऱ्या एका संज्ञेसाठी, म्हणजे 'कॉन्टिंगेन्स'साठी, त्याने 'त्सूफॅलिश' हेच विशेषण योजले. 'कॉन्टिंगेन्स' म्हणजे ज्याच्या विरुद्ध गोष्ट कल्पिण्यात कोणताही व्याघात नाही ते. अशा रीतीने लॅटिनमध्ये स्वतंत्र असलेल्या दोन संज्ञा जर्मनमध्ये एकाच शब्दात येऊन मिळाल्या, आणि त्यांना लोकव्यवहारातील 'सहज घडलेले', 'अनपेक्षित' हे अर्थही चिकटले. इंग्रजीत मात्र हे अर्थ वेगवेगळ्या शब्दांत विभागले गेले आहेत : 'ॲक्सिडेंटल', 'कंटिंजंट', 'चान्स', 'रँडम', 'इन्सिडेंटल'. म्हणून 'त्सूफॅलिश' हा शब्द समोर आला की इंग्रजी भाषांतरकाराला, इच्छा असो वा नसो, निवड करावीच लागते. मूळ लेखकाला जी निवड करावी लागली नव्हती ती भाषांतरकारावर येऊन पडते.

यात आणखी एक अडचण आहे. आजच्या इंग्रजीत 'ॲक्सिडेंट' या शब्दाचा प्रधान अर्थ 'अपघात' हा झाला आहे. जर्मनमध्ये अपघातासाठी 'उनफाल' हा वेगळा शब्द आहे. 'फाल' या मूळ शब्दापासून 'त्सूफाल', 'उनफाल', अकस्मात सुचलेल्या कल्पनेसाठी 'आइनफाल' आणि नुसते 'प्रकरण' या अर्थी 'फाल' असे एक कुटुंबच तयार झालेले आहे, आणि जर्मन वाचकाच्या कानाला त्यातील नाते सतत ऐकू येते. इंग्रजीतील 'चान्स' आणि 'केस' हे शब्दही लॅटिनमधील 'पडणे' या धातूपासूनच आले आहेत. परंतु ते नाते व्युत्पत्तिकोशात शिल्लक उरले आहे, बोलणाऱ्याच्या कानात नाही.

३. लेसिंगचे विधान : एका विशेषणाचे परिणाम

या निवडीने काय साधते आणि काय बिघडते, याचे उत्तम उदाहरण लेसिंगच्या १७७७ मधील एका लहानशा पुस्तिकेत मिळते. रायमारुस या दिवंगत विद्वानाच्या धर्मचिकित्सक लेखनातील काही भाग लेसिंगने प्रसिद्ध केले होते, आणि त्यांवरून मोठा वाद माजला होता. त्या वादात लेसिंगने असे प्रतिपादन केले की, इतिहासातील जी सत्ये 'त्सूफॅलिश' आहेत ती बुद्धीच्या अनिवार्य सत्यांचे प्रमाण कधीही होऊ शकत नाहीत. या दोहोंमधील अंतराला त्याने ओलांडता न येणाऱ्या रुंद, ओंगळ खंदकाची उपमा दिली. पुढे कीर्केगार्दने १८४६ च्या आपल्या ग्रंथात याच विधानाशी दीर्घ संवाद केला.

हेन्री चॅडविक यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी भाषांतरात येथे 'ॲक्सिडेंटल' हा शब्द आहे. अलीकडील अभ्यासकांचा कल 'कंटिंजंट' या शब्दाकडे दिसतो. हा फरक केवळ शैलीचा नाही. आजचा वाचक 'ॲक्सिडेंटल' वाचतो तेव्हा इतिहास म्हणजे अपघातांची मालिका, त्यात अर्थ वा कार्यकारणभाव नाही, असे लेसिंगला म्हणावयाचे आहे अशी त्याची समजूत होते. लेसिंगचा रोख तसा नाही. त्याच्या विधानामागे लाइबनित्सने १७१४ च्या 'मोनॅडॉलॉजी'त मांडलेला भेद उभा आहे. बुद्धिसत्ये अनिवार्य असतात, कारण त्यांचे विरुद्ध अशक्य असते. वस्तुस्थितीची सत्ये अन्यथा असू शकतात, कारण त्यांचे विरुद्ध शक्य असते. लाइबनित्सच्या मते या दुसऱ्या प्रकारच्या सत्यांनाही पुरेसे कारण असतेच. म्हणजे ती अकारण नाहीत. ती केवळ तर्कतः अनिवार्य नाहीत. लेसिंगचा आक्षेप इतिहासाच्या अर्थशून्यतेवर नसून प्रमाणाच्या जातीवर आहे. एका जातीच्या सत्यावरून दुसऱ्या जातीच्या सत्यावर उडी मारता येत नाही, हे त्याचे म्हणणे आहे.

चॅडविक यांची निवड चूक होती असे यावरून म्हणता येणार नाही. 'असारभूत', 'अनावश्यक' हा 'ॲक्सिडेंटल'चा जुना शास्त्रीय अर्थ इंग्रजीत दीर्घकाळ जिवंत होता, आणि धर्मशास्त्राच्या अभ्यासकाला तो परिचित होता. दरम्यानच्या काळात वाचकवर्ग बदलला आणि त्या शब्दाची शास्त्रीय बाजू झिजली. भाषांतर जुने होते ते अशा रीतीनेही.

४. एक कसोटी : विरोधी शब्दाचा शोध

वरील उदाहरणात निर्णय करणे शक्य झाले ते एका गोष्टीमुळे. लेसिंगच्या वाक्यातच 'त्सूफॅलिश'च्या समोर 'नोटवेंडिश', म्हणजे 'अनिवार्य', हा शब्द ठेवलेला आहे. यावरून एक सामान्य कसोटी सांगता येईल. 'त्सूफॅलिश' हा शब्द आला की, त्या संदर्भात तो कोणत्या शब्दाच्या विरोधात उभा आहे हे पाहावे.

विरोधी पद 'अनिवार्य' असेल तर इंग्रजीत 'कंटिंजंट' हाच पर्याय योग्य. काण्टच्या १७८१ च्या ग्रंथातील पदार्थकोष्टकात प्रकारतेच्या सदरात शक्यता आणि अशक्यता, अस्तित्व आणि अनस्तित्व, अनिवार्यता आणि 'त्सूफॅलिशकाइट' अशा तीन जोड्या येतात. तेथे नॉर्मन केम्प स्मिथ (१९२९) तसेच पॉल गायर आणि ॲलन वुड (१९९८) या भाषांतरकारांनी 'कंटिंजन्सी'च स्वीकारली आहे, आणि त्याविषयी वाद संभवत नाही. विरोधी पद 'हेतुपुरस्सर' असेल, म्हणजे दोन माणसांची रस्त्यात सहज गाठ पडली असा प्रसंग असेल, तर 'बाय चान्स' किंवा 'ॲक्सिडेंटल' हे शब्द शोभतात. विरोधी पद 'सारभूत' असेल तर 'इन्सिडेंटल', आणि विरोधी पद 'नियमबद्ध' असेल, उदाहरणार्थ संख्याशास्त्रात, तर 'रँडम'.

ही कसोटी शास्त्रीय गद्याला बव्हंशी पुरते. ललित साहित्यात मात्र ती अपुरी पडते, कारण तेथे लेखक पुष्कळदा एकाच शब्दाला अनेक विरोधी पदांसमोर एकाच वेळी उभा करतो.

५. क्लाइस्ट : पतन आणि योग

हाइनरिश फॉन क्लाइस्टची चिलीतील भूकंपावरील कथा १८०७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि १८१० मध्ये त्याच्या कथासंग्रहात समाविष्ट झाली. १६४७ साली सांतियागो शहर उद्ध्वस्त करणाऱ्या भूकंपाची पार्श्वभूमी तिला आहे. कथेच्या आरंभीच्या काही परिच्छेदांतच 'त्सूफाल' आणि त्याचे विशेषण तीन वेळा येते. ज्या प्रेयसीला मठात धाडलेले असते तिच्याशी नायक हेरोनिमो पुन्हा संधान बांधतो ते एका सुदैवी 'त्सूफाल'मुळे. तुरुंगात तो आत्महत्येला सिद्ध होतो तेव्हा त्याच्या हाती असलेला दोरही 'त्सूफाल'नेच मागे ठेवलेला असतो. आणि भूकंपाच्या क्षणी तुरुंगाची इमारत रस्त्याच्या बाजूला कलते, समोरची इमारतही पडते, आणि पडणाऱ्या दोन इमारती एकमेकींना भिडून जी 'त्सूफॅलिश' कमान तयार होते तिच्यामुळे त्याचा जीव वाचतो.

या शेवटच्या वाक्यात क्लाइस्टने दोन इमारतींच्या पडण्यासाठी 'फाल' हा शब्द लागोपाठ दोनदा वापरला आहे, आणि लगेच 'त्सूफॅलिश' हे विशेषण योजले आहे. पतनाला पतन भेटते आणि त्यांतून आधार निर्माण होतो. हे जे कथेचे आशयसूत्र, तेच शब्दाच्या पोटात ऐकू येते. इंग्रजीत 'फॉल' हा शब्द सुदैवाने जर्मनला जवळचा आहे. परंतु त्याच्याशी नाद आणि अर्थ या दोन्ही अंगांनी जोडलेले, योगायोगवाचक असे विशेषण इंग्रजीत नाही. 'चान्स', 'ॲक्सिडेंटल', 'फॉर्च्युइटस' यांपैकी काहीही घेतले तरी कमान उभी राहते, मात्र ती कशाची बनली आहे हे दिसेनासे होते.

येथे भाषांतरकाराला दुसरी एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. तीनही ठिकाणी एकच शब्द ठेवणे. इंग्रजी गद्याची अभिरुची पुनरुक्ती टाळण्याकडे झुकते आणि त्या ओघात पहिल्या ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरा असे पर्याय येण्याचा धोका असतो. परंतु क्लाइस्टच्या कथेचा मूलभूत प्रश्नच असा की, जे घडले ती ईश्वराची योजना की निव्वळ योग? कथेतील पात्रे, आणि विशेषतः शेवटच्या भागातील धर्मोपदेशक, घटनांना हेतू चिकटवितात. निवेदक मात्र शांतपणे तोच एक शब्द पुन्हा वापरतो. ही पुनरावृत्ती विस्कळीत झाली तर निवेदकाची भूमिकाच अस्पष्ट होते. शब्दाची व्युत्पत्ती दुसऱ्या भाषेत नेता येत नसली, तरी त्याची आवृत्ती नेता येते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

याच लेखकाचा १८११ च्या जानेवारीत 'बर्लिनर आबेंडब्लेटर' या वृत्तपत्रात आलेला एक छोटा लेख शीर्षकापुरता उल्लेखनीय आहे. 'संभाव्य' या अर्थाच्या जर्मन शब्दात 'खरे' आणि 'भासणे' हे दोन घटक आहेत. क्लाइस्टच्या शीर्षकात 'खरे' हा घटक दोनदा येऊन विरोधाभास साधतो. इंग्रजीत 'इम्प्रॉबेबल' म्हटले की तो घटक नाहीसा होतो. मराठीत 'असंभाव्य सत्ये' असे संस्कृतप्रचुर भाषांतर केले तर तीच गत होते. पण 'खऱ्या न वाटणाऱ्या खऱ्या गोष्टी' असे साधे म्हटले तर श्लेष सहज उतरतो.

६. मुझिल : शक्यतेची ज्ञानशक्ती

रोबेर्ट मुझिलच्या 'गुणविरहित माणूस' या अर्थाच्या शीर्षकाच्या महाकादंबरीचा पहिला खंड १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्या चौथ्या प्रकरणात 'विर्कलिशकाइट्सझिन' आणि 'म्योग्लिशकाइट्सझिन' असे दोन सामासिक शब्द समोरासमोर येतात. इंग्रजी भाषांतरांत त्यांसाठी 'सेन्स ऑफ रिॲलिटी' आणि 'सेन्स ऑफ पॉसिबिलिटी' हे पर्याय रूढ आहेत. अर्थाच्या दृष्टीने ते निर्दोष आहेत. परंतु जर्मन समासात 'झिन' हा उत्तरपद आहे, आणि रुचीचे इंद्रिय, दिशेचे भान यांसाठी जे समास होतात त्यांच्याच धर्तीवर हे बनले आहेत. म्हणून मुझिलला अभिप्रेत आहे ती एक ज्ञानशक्ती, जवळजवळ एक इंद्रिय. इंग्रजीत 'सेन्स ऑफ पॉसिबिलिटी' म्हणजे 'पुढे काही चांगले घडेल अशी आशादायक जाणीव' असाही अर्थ संभवतो, आणि मुझिलच्या उपरोधाला तो मारक आहे.

'विर्कलिशकाइट' या शब्दाचीही एक गंमत आहे. त्यात 'कार्य करणे, परिणाम घडविणे' या अर्थाचा धातू आहे. काण्ट आणि हेगेल यांच्या इंग्रजी भाषांतरांत तो सामान्यतः 'ॲक्च्युॲलिटी' होतो, मुझिलच्या भाषांतरात तो 'रिॲलिटी' होतो. परिणामी कादंबरीकार तत्त्वज्ञांच्या परंपरेतील एका जोडीशी खेळत आहे, हे इंग्रजी वाचकाला सहजासहजी दिसत नाही.

मुझिलच्या दृष्टीने शक्यतेचे भान असलेला माणूस हा क्रियापदाच्या विशिष्ट रूपांत राहणारा माणूस असतो. जर्मनमध्ये असंभूत वा संभाव्य गोष्टींसाठी क्रियापदाची स्वतंत्र रूपे आहेत. इंग्रजीत ती रूपे बहुतांशी भूतकाळाच्या रूपांत मिसळून गेली आहेत, त्यामुळे 'वुड', 'कुड', 'माइट' या साहाय्यकांवर सगळा भार पडतो. मराठीच्या अभ्यासकाला येथे आपल्या व्याकरणाची आठवण व्हावी. आपल्याकडे क्रियापदाच्या अर्थांत विध्यर्थ आणि संकेतार्थ यांना स्वतंत्र स्थान आहे. 'तो आला असता' या संकेतार्थात न घडलेली गोष्ट येते. 'तो घरी असावा' या विध्यर्थात तर्काने मानलेली गोष्ट येते. मुझिलची शक्यता ही केवळ हुकलेली गोष्ट नव्हे. ती अद्याप जागी न झालेली गोष्ट आहे. म्हणून त्याच्या अशा वाक्यांसाठी सर्वत्र संकेतार्थ योजणे योग्य होणार नाही. संकेतार्थाने वाक्याला हळहळीचा सूर लागतो. विध्यर्थात इच्छा, कर्तव्य, तर्क आणि संभव यांची जी सरमिसळ आहे, ती या लेखकाला अधिक जवळची ठरेल.

७. हायडेगर आणि लूमान : दोन उलट दिशांचे प्रवास

हायडेगरच्या १९२७ च्या ग्रंथात 'झाइनक्योनेन' ही संज्ञा केंद्रस्थानी आहे. 'असणे' आणि 'शकणे' ही दोन क्रियापदे जोडून ती बनली आहे. जॉन मॅक्वारी आणि एडवर्ड रॉबिन्सन यांनी १९६२ च्या भाषांतरात तिच्यासाठी 'पोटेन्शिॲलिटी फॉर बीइंग' असा पर्याय दिला. या निवडीमागे एक व्याकरणिक कारण आहे. इंग्रजीतील 'कॅन' या क्रियापदाला धातुसाधित नामरूपच नाही. त्यामुळे 'शकणे' असे नाम त्यापासून घडत नाही. मग लॅटिन उगमाचे नाम घ्यावे लागते, आणि त्याबरोबर ॲरिस्टॉटलची बीज-वृक्ष ही कल्पना नकळत आत येते : जे आज अव्यक्त आहे ते उद्या व्यक्त होईल. हायडेगरला नेमके तेच टाळावयाचे आहे. त्याच्या मते माणसाची शक्यता ही पुढे वास्तवात उतरून संपणारी गोष्ट नसून तीच त्याच्या असण्याची रीत आहे, आणि मृत्यू ही तर अशी शक्यता की जी 'उतरली' म्हणजे असणेच राहत नाही.

मराठीत 'शकणे' हे क्रियापद आणि 'शक्यता' हे नाम एकाच धातूपासून आले आहेत, आणि ते नाते आजही स्पष्ट आहे. 'असू शकणे' हा सरळ मराठी प्रयोग या संज्ञेच्या इंग्रजीपेक्षा कितीतरी निकट जातो. इंग्रजीतील 'पोटेन्शिॲलिटी'वरून 'सुप्तशक्ती' किंवा 'बीजभूत सामर्थ्य' असे शब्द तयार करणारा मराठी लेखक इंग्रजीची अडचण विनाकारण आपल्या अंगावर घेतो.

निक्लास लूमान यांच्या बाबतीत प्रवास उलट दिशेने झाला. टॅल्कॉट पार्सन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 'डबल कंटिंजन्सी' ही संज्ञा १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहलिखित ग्रंथात वापरली. दोन व्यक्तींपैकी प्रत्येकीचे वर्तन दुसरीच्या वर्तनावर अवलंबून असते, हा तिचा गाभा. इंग्रजीत 'कंटिंजंट' या विशेषणाला 'अवलंबून' हा अर्थ आहेच. लूमान यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात ही संज्ञा 'कॉन्टिंगेन्ट्स' म्हणून जर्मनमध्ये घेतली. तेथे अवलंबित्वाचा अर्थ मागे पडला आणि 'जे अनिवार्यही नाही आणि अशक्यही नाही' हा तर्कशास्त्रीय अर्थ पुढे आला. १९९५ मध्ये हा ग्रंथ इंग्रजीत आला तेव्हा त्याच अक्षरांचा शब्द परत आपल्या घरी आला, पण बदललेल्या अर्थाने. इंग्रजी वाचक त्यात जुना अर्थ वाचण्याचा संभव मोठा. रूप समान असले की अर्थही समान, ही समजूत भाषांतरात सर्वांत फसवी. 'कदाचित' या अर्थाचा जर्मन 'एव्हेंट्युएल' आणि 'अखेरीस' या अर्थाचा इंग्रजी 'इव्हेन्च्युअली' यांची गोष्ट प्रत्येक जर्मन शिकणाऱ्याला ठाऊक असते. 'कंटिंजन्सी'ची गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे एवढेच.

८. मराठी पर्यायांचा प्रश्न

वरील विवेचनाच्या प्रकाशात आपल्या परिभाषेकडे पाहणे उपयुक्त ठरेल. 'कंटिंजंट'साठी आपण बहुधा 'आकस्मिक' हा शब्द योजतो. परंतु 'अकस्मात्' या पदाचा मूळ अर्थच 'कशापासूनही नव्हे', म्हणजे 'निष्कारण' असा आहे, आणि मराठी वापरात त्याला 'एकाएकी' हा अर्थही जडला आहे. लेसिंगची ऐतिहासिक सत्ये निष्कारण नाहीत आणि एकाएकी घडलेलीही नाहीत. तेथे 'आकस्मिक' लिहिणे म्हणजे 'ॲक्सिडेंटल'चा गैरसमज मराठीत आणणे होय. 'यादृच्छिक' हा शब्दही पुरेसा नाही. श्वेताश्वतरोपनिषदात जगाच्या कारणांचे जे पर्याय येतात त्यांत 'यदृच्छा' ही 'नियती'च्या शेजारी एक कारण म्हणून येते. आणि अलीकडे संख्याशास्त्राने तो शब्द 'रँडम'साठी राखून ठेवला आहे. तो तेथेच असू द्यावा.

अनिवार्यतेच्या विरोधात जेव्हा हा शब्द येतो तेव्हा 'अन्यथासंभव' किंवा 'अन्यथासंभवी' असा शब्द विचारार्थ सुचवावासा वाटतो. 'अन्यथासिद्ध' हा जवळचा शब्द मात्र घेऊ नये, कारण न्यायशास्त्रात कार्याला अनावश्यक ठरणाऱ्या पूर्ववर्ती गोष्टींसाठी तो निश्चित झालेला आहे. क्लाइस्टसारख्या लेखकाच्या बाबतीत 'योग' हा साधा शब्द पुरतो. त्यात 'पडणे' नाही, पण 'जुळणे' आहे. दोन पडत्या भिंतींच्या कमानीला ते अगदीच परके नाही. शिवाय मराठी वाचकाला 'योग' म्हटले की त्यामागे ग्रहांची वा दैवाची योजना आहे की नाही, ही संदिग्धता आपोआप जाणवते, आणि त्या कथेला हवी आहे ती हीच संदिग्धता.

९. समारोप

एका जर्मन शब्दाला एकच इंग्रजी शब्द ठरवून देता येत नाही, हा निष्कर्ष नवा नाही. परंतु त्यावरून भाषांतर सर्वस्वी भाषांतरकाराच्या रुचीवर सोपवावे असेही ठरत नाही. शास्त्रीय गद्यात विरोधी पद पाहावे. ललित गद्यात शब्दाची आवृत्ती सांभाळावी. संज्ञेने एका भाषेतून दुसरीत आणि परत असा प्रवास केला असेल तर प्रत्येक टप्प्यावरील अर्थ स्वतंत्र तपासावा. जर्मन न जाणणाऱ्या मराठी अभ्यासकालाही यांतील बरेचसे करता येते. एकाच ग्रंथाची दोन इंग्रजी भाषांतरे शेजारी ठेवली आणि ती कोठे वेगळी होतात हे पाहिले, तर ज्या ठिकाणी मूळ शब्दाने निवड मागितली ती ठिकाणे आपोआप उघडी पडतात. पदव्युत्तर वर्गात लेसिंगचे ते एक वाक्य दोन भाषांतरांतून वाचावयास देऊन विद्यार्थ्यांकडून त्याचा मराठी अनुवाद करवून घेतल्यास, 'आकस्मिक' लिहिणारा विद्यार्थी आणि 'अन्यथा असू शकणारे' असे लिहिणारा विद्यार्थी यांनी दोन भिन्न लेसिंग वाचले आहेत, हे वर्गातच सिद्ध करून दाखविता येईल.